परीक्षक तुपाशी, वाचक उपाशी

'याकिताते!! जापान' ज्यांनी वाचलंय त्यांच्यापुढे कथा सांगत बसत नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी शेजारच्याला विचारावं. ताकाशी हाशिगुचींच्या मंगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, २६ खंड, पाव भाजण्याच्या चढाओढी, बास. मला बोलायचंय परीक्षकांबद्दल. त्याआधी एक तक्रार, दोन मिनिटांत उरकतो.

हे इंग्रजी खंड मी एका वाचनालयाला भेट दिले. मंगा उजवीकडून डावीकडे वाचायचा, इंग्रजीतही तसाच ठेवलाय. ग्रंथपालांनी खंड बांधणीला टाकले. बाइंडरने इमानाने काम केलं: हिरवं कापड, जाड दोरा, आणि आपल्याला जे पहिलं पान वाटतं तिथे तारखांची चिठ्ठी. 'थांबा, तुम्ही उलट्या बाजूने वाचताय' ही सूचना नेमकी त्याच पानावर होती. ती खळीखाली गेली. आता तिथले एक निवृत्त मास्तर जिंकलेला पाव आधी खातात आणि कणीक मागाहून मळतात. मी सांगायला गेलो, तर म्हणाले, "बरंय की, निकाल कळला म्हणजे निवांत वाचता येतं." हसताय काय, त्यांचे सगळे खंड झालेत! मी रीतसर अर्ज दिला. उत्तर आलं, बांधणीचं बिल मंजूर झालं आहे.

असो. कथेचा नायक काझुमा आझुमा. त्याचे हात जन्मतः गरम, 'सूर्याचे हात'. घरी पाव करणाऱ्यांना यातली गंमत कळेल. यीस्टला ऊब हवी, त्यामुळे याच्या हातात कणीक लवकर फुगते. क्रोसाँला मात्र असले हात वैरी; घड्यांमधलं लोणी वितळलं की थर चिकटले, खेळ खलास. त्याचा जोडीदार कावाची बिचारा तीच ऊब मेहनतीने कमावतो, म्हणून मला तो जास्त आवडतो.

जपानचा स्वतःचा पाव शोधायचं आझुमाचं वेडही हवेतलं नाही. पाव पोर्तुगीजांनी आपल्याला दिला, त्यांनाही दिला. टोकियोच्या किमुराया बेकरीने १८७४ साली तो साकेच्या, म्हणजे तांदळाच्या, आंबवणावर फुगवला आणि आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण भरलं. १८७५ मध्ये, वर खारवलेलं चेरीचं फूल लावून, तो मेइजी सम्राटांपुढे गेला. पुरण म्हटल्याबरोबर पहिली रांग सावरून बसली, बघतोय मी.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? तीन. बरं.

तर मुद्दा. कागदाला वास नाही, चव नाही. पाव कसा झालाय ते परीक्षकाच्या तोंडावर वाचायचं. सुरुवातीच्या खंडांत परीक्षक कुरोयानागी एक घास घेतो, कोटी करतो, कोसळतो. पण तोवर राइस कुकरमध्येही पाव कसा होतो, हे आपल्याला कळलेलं असतं. प्रतिक्रिया ही पावती. पुढे पावती लांबत गेली, माल घटत गेला. मोनाकोच्या स्पर्धेत पिएरो हा विदूषकच परीक्षक, तिथून तोल गेला असं माझं मत. मालिका विनोदी आहे, मान्य. पण विनोदाला कणकेचा आधार होता तोवर तो फुगत होता. अखेरीस तर कावाची व्हिडिओ गेममधला धालसिम होऊन बसतो. धालसिम म्हणजे आपल्याकडचा योगी, अभिमान वगैरे ठीक. पण त्या वेळचा पाव कसा केला होता, हे इथे कुणाला आठवतंय? हात वर करा. एकही नाही.

अजून दोन उदाहरणं होती, ती चहाला.