बाटलीवरचा हिरवा त्रिकोण

नमस्कार, श्रोतेहो. ऑक्टोबर छाटणी उरकली आणि तासगाव भागातल्या द्राक्षबागांत फवारण्यांची घाई सुरू झाली. मागच्या आठवड्यात अशाच एका बागेत गेलो होतो. वीसेक वर्षांचा पोरगा बॅरलमध्ये औषध ओतून उघड्या हातानं ढवळत होता. मी म्हटलं, "अरे, हातमोजे?" तर बाटली माझ्यापुढं धरून म्हणतो, "हिरवं हाय की ओ काका. काय हुईत न्हाई."

पोरगा बारावी झालेला. बाटलीकडं त्यानं बघितलंच नव्हतं असं नाही. सिग्नलचा हिरवा म्हणजे जा. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. हिरव्या रंगानं आजवर त्याला 'खुशाल' एवढंच सांगितलंय, तेच त्यानं इथं लावलं.

1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार बाटलीवर पतंगासारखा कोनावर उभा केलेला चौकोन असतो. खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा कमी विषारी. कमी विषारी, बिनविषारी नव्हे! हा फरक रंगाला सांगता येत नाही, तो वरच्या अर्ध्यातला शब्द सांगतो.

लाल-पिवळ्याच्या वर कवटी असते. तीच कवटी आपल्या विजेच्या डीपीच्या पाटीवरही असते. चित्र दोन्हीकडं एकच बोलतं, मरण. ते तारेतून येणार की बाटलीतून, हे शेजारची अक्षरं ठरवतात. रोलाँ बार्थ या फ्रेंच अभ्यासकानं 1964 साली हेच मांडलं होतं. चित्राचे अर्थ चहूकडं वाहत जातात, शब्द नांगर टाकून त्यांना धरून ठेवतात. त्यांचा नांगर जहाजाचा. मला मात्र आपला शेतातला दिसतो, तास न सोडणारा.

पण शब्दही फसवतात. या विषाला आपण सगळेच 'औषध' म्हणतो. मघाशी मीही तेच म्हणालो. वर औषध आणि खाली हिरवा रंग, मग पोराला भीती कशी वाटावी? मला त्याचा राग आला नाही, काळजी वाटली.

त्याला म्हटलं, रंगाच्या वर काय लिहिलंय बघ. त्यानं अंगठ्यानं माती पुसली. अक्षरं ज्वारीच्या दाण्याएवढीही नव्हती. बाटली उन्हाकडं तिरकी करून त्यानं वाचलं, "सावधान." हात धुतले आणि ढवळायला काठी शोधायला गेला.