कंगव्यावरून उडालेला कपटा

श्रोतेहो, नमस्कार.

इंदुरात सध्या हवा किती कोरडी झालीय ते तुमच्या ओठांना विचारा, नाहीतर स्वेटरला. काल रात्री दिवा मालवल्यावर नातीने डोक्यावरून स्वेटर ओढला आणि तडतड झाली, बारीक निळ्या ठिणग्याही चमकल्या. "आबा, पुन्हा करू?" पुन्हा केलं. चारदा केलं. आजीने दटावलं तेव्हा कुठे झोपली.

सकाळी तिच्या हातात प्लॅस्टिकचा कंगवा दिला आणि समोर कागदाचे कपटे पसरले. बिनतेलाच्या केसांवरून कंगवा दहा-बारा वेळा फिरवायचा, मग कपट्यांजवळ न्यायचा. कपटे टुणकन येऊन चिकटतात, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी केलंय. पण पुढचं किती जणांनी पाहिलंय? जरा धीर धरा. एखादा कपटा कंगव्याच्या दातावर उभा राहतो, थरथरतो आणि एकदम उडून लांब पडतो. कोणी फुंकर मारलेली नसते. मला विचाराल तर चिकटण्यापेक्षा हे उडणंच जास्त बोलकं आहे.

होतं असं. घासताना केसांमधले काही इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे बारीक ऋण कण, कंगव्यावर येतात. कंगव्यावर ऋण प्रभार साठतो, केसांवर धन. नातीच्या हिंदी पुस्तकात प्रभाराला ‘आवेश’ म्हणतात. तिच्या आजीला आवेश म्हटलं की स्वतःचे वडील आठवतात, भाजीत मीठ कमी पडल्यावरचे! असो.

कागदावर मात्र ना धन जास्त, ना ऋण. तरी तो ओढला जातो. कारण कंगव्यावरचे इलेक्ट्रॉन कागदातल्या इलेक्ट्रॉनना किंचित पलीकडे रेटतात. मग कपट्याची अलीकडची बाजू जराशी धन होते, पलीकडची ऋण. एक ओढली जाते, दुसरी ढकलली जाते. फिटंफाट का होत नाही? ते कूलोम या शास्त्रज्ञाने 1785 साली मोजून दाखवलं: अंतर निम्मं केलं की बळ चौपट होतं. त्यामुळे जवळच्या बाजूचीच सरशी होते, अंतर केसाएवढं कमी असलं तरी. पण चिकटल्यावर कंगव्यावरचे थोडे इलेक्ट्रॉन कपट्यावर उतरतात. आता दोघेही ऋण. सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात, आणि कपटा उडतो.

फ्रान्समधले शास्त्रज्ञ दू फे यांना 1733 च्या सुमारास असंच काहीसं दिसलं. त्यांच्याकडे कागद नव्हता, सोन्याचा वर्ख होता. आपल्या सराफ्यात मिठाईवर चांदीचा लावतात ना, तसाच पातळ. घासलेल्या काचेच्या नळीला शिवून तो दूर झाला आणि नळीवर अधांतरी तरंगू लागला. मग त्यांनी घासलेली राळ जवळ आणली. वर्ख हिलाही टाळणार, अशी त्यांची अपेक्षा होती. वर्ख उलट राळेकडेच धावला. प्रभार दोन जातींचे असतात, हे तिथे उमगलं. त्यांनी एकाला काचेचा म्हटलं, दुसऱ्याला राळेचा. धन आणि ऋण ही नावं पुढे अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने रूढ केली.

आता तुमच्यासाठी एक काम. घरात पारदर्शक चिकटपट्टी असेलच. वीतभर लांबीचे दोन तुकडे कापा, धरायला एकेक टोक दुमडा आणि दोन्ही शेजारी शेजारी टेबलावर चिकटवा. झटक्यात उपटा आणि समोरासमोर लोंबकळत धरा. रुसलेल्या जावांसारख्या त्या एकमेकींपासून फाकतील. दुसऱ्या वेळी एकीवर दुसरी चिकटवा, जोडी हळूच उचला, पाठीवरून बोट फिरवा आणि मग एकमेकींपासून सोडवा. आता त्या एकमेकींकडे झेपावतील.

आणि कोणत्याही पट्टीजवळ नुसतं बोट नेलंत, तर ती बोटाकडेही येईल. बोटावर प्रभार नसला तरी. म्हणून ओढलं जाणं हा प्रभाराचा पुरावा नव्हे. ढकललं जाणं हा पुरावा. परीक्षेत हा प्रश्न मी दरवर्षी घालत असे, आणि निम्मा वर्ग दरवर्षी चुकत असे.

एवढंच, की हे मार्च-एप्रिलपर्यंत उरकून घ्या. आषाढात हवेतल्या ओलाव्याचा पातळ थर सगळ्या वस्तूंवर बसतो, प्रभार त्यावरून निसटून जातो, आणि मग नातवंडं म्हणतात, आबा, तुमचा कंगवा बिघडला.