शेल टाळला तरी गिट फसतं: आर्ग्युमेंट इंजेक्शन

नमस्कार मंडळी. युजर गिट रिपॉझिटरीची, म्हणजे कोडच्या साठ्याची, लिंक टाकतो आणि तुमचा सर्व्हर ती क्लोन करतो, म्हणजे उतरवून घेतो, असं काही तुमच्या ॲपमध्ये असेल, तर हा विषय थेट तुमचा आहे.

शेलला, म्हणजे कमांडची ओळ वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, जोडलेली स्ट्रिंग न देता आर्ग्युमेंट्सची (कमांडला द्यायच्या शब्दांची) लिस्ट थेट पाठवली की आपण सुटलो, असं बरेच जण धरून चालतात. सेमीकोलन, पाइप लावून दुसरी कमांड घुसवण्याची भीती जाते, हे खरं. पण डॅशने सुरू होणारा शब्द दिसला की त्याला ऑप्शन समजायचं, हे गिट स्वतः ठरवतं. तो शब्द तुम्ही लिहिलाय की युजरने, हे त्याला कळायला मार्ग नाही. युजरने असा ऑप्शन घुसवणं म्हणजेच आर्ग्युमेंट इंजेक्शन.

आता स्क्रीनवर बघा. ऑगस्ट 2017 चं प्रकरण.

एसएसएच://-ओप्रॉक्सीकमांड=कमांड/रिपो

होस्टचं नाव हवं तिथे काय आहे? डॅश ओ. गिटने ते जसंच्या तसं एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या मशीनला जोडणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती दिलं, एसएसएचने ते ऑप्शन म्हणून वाचलं, आणि प्रॉक्सीकमांडचं कामच मुळी दिलेली कमांड चालवणं! नुसतं क्लोन केलं आणि हल्लेखोराचा कोड तुमच्या मशीनवर चालला. गिट आणि त्याच्यासारखीच मर्क्युरियल, सबव्हर्जन, तिघांनाही दुरुस्ती काढावी लागली. गिट 2.14.1 पासून डॅशने सुरू होणारं होस्टनेम सरळ नाकारतं. तरी 2018 मध्ये सबमॉड्यूलच्या (रिपॉझिटरीत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीच्या) यूआरएलमधून हाच डॅश पुन्हा आत शिरला.

गो-गिट ही गिटचं काम करणारी लायब्ररी तर अख्खी गो भाषेत लिहिलेली. पण फाइल ट्रान्सपोर्टसाठी, म्हणजे त्याच मशीनवरची रिपॉझिटरी वाचायला, आवृत्ती 5 मध्ये तीही बाहेरची गिट बायनरी (तयार गिट प्रोग्राम) चालवते, आणि 5.13 च्या आधी नेमकं तिथेच यूआरएलमधून अपलोड-पॅकला, म्हणजे रिपॉझिटरीतला डेटा पाठवणाऱ्या गिटच्या कमांडला, नको ते फ्लॅग (ऑप्शन) देता येत होते.

मग करायचं काय? मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही: लिंकचं फक्त पहिलं अक्षर तपासू नका. 2017 ची लिंक 'एसएसएच' नेच सुरू होते, ती त्या चाळणीतून आरामात निसटेल. यूआरएल फोडा, होस्ट आणि पाथ वेगवेगळे तपासा, प्रोटोकॉल मोजकेच चालू ठेवा. ब्रँचचं नाव युजरकडून येत असेल, तर नुसता डबल डॅश पुरत नाही, कारण बऱ्याच गिट कमांड्समध्ये तो रिव्हिजन आणि फाइल वेगळे करायला वापरतात. त्यासाठी गिट 2.24 पासून 'एंड-ऑफ-ऑप्शन्स' हा ऑप्शन आहे, तो नावाच्या आधी द्या.

आणि तुमची लायब्ररी आतून गिट बायनरी चालवते का, ते आजच तिच्या सोर्समध्ये शोधा. पायथॉनमध्ये 'सबप्रोसेस' सर्च करा, गोमध्ये 'एक्झेक'.