ओळंब्याची दोरी सैल पडली

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस उघडला, दिवाळी झाली, की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं जुन्या घरांची कामं निघतात. गवंडी मोकळे, सुतार मोकळे, ऊनही चांगलं पडलेलं. अशा कामात हल्ली माझ्या ओळखीतल्या दोन-चार घरांनी माशांची मोठी टाकी बसवायचं काढलंय. मला ही हौस मनापासून आवडते, म्हणून आज तेवढंच सांगायला आलेय. टाकी कुठं बसणार ते कामाला हात लावायच्या आधी ठरवा, आणि मासे आणा सगळ्यात शेवटी. परत सांगते. टाकी आधी ठरवायची, मासे शेवटी आणायचे.

आधी का, तर वजनामुळं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घेतली तर ती 9 घनफूट भरते. एका घनफुटात 28 लिटरच्या वर पाणी मावतं. म्हणजे झालं 250 लिटर, म्हणजेच 250 किलो. काच, वाळू, दगड, स्टँड धरला की साडेतीनशेच्या आसपास. आणि हे सगळं उभं कुठं, तर पाटाएवढ्या जागेत.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, खाली हातमागाची खोली आणि तिच्यावर माडी. माग कधीच निघाला, पण विणणाऱ्याला पाय सोडून बसायचा त्याचा खड्डा फळ्या टाकून झाकलेला होता. मुलाची खोली माडीवर, तेव्हा टाकीही तिथंच, खिडकीशेजारी, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. तुळया सागवानी. वरून तेलपाणी केलेल्या, हात फिरवला तर गुळगुळीत. पॉलिशवाल्याला येण्याचा दिवससुद्धा सांगितला होता.

कामावर जे सुतारमामा होते ते सत्तरीचे. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारे. टाकीचं माप ऐकलं, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, “ब्याड्री, अक्का, ब्याड्री. माडीवर नको.”

मी म्हटलं, “मामा, इथं लग्नाची पंगत बसलीय. चाळीस माणसं जेवून उठलीत.”

“माणसं जेवून उठतात की. पाणी उठून जातंय काय? ते रात्रंदिवस तिथंच बसणार.”

आमच्या ह्यांना ते पटेना. मामांनी वाद घातला नाही. “तांदळाची पोती किती हायेत घरात?” एवढंच विचारलं. सुगी नुकतीच झालेली, गावाकडनं 50 किलोची पोती येऊन पडली होती. मामांनी सात पोती वर चढवायला लावली आणि टाकीच्या जागेवर दोन थरांत रचली. साडेतीनशे किलो. त्याच्याआधी खालच्या खोलीत तुळईखाली दोन बोटं जागा सोडून जाड टेकू उभा केला, काही झालंच तर तुळई त्यावर बसावी म्हणून. आणि तुळईच्या मध्यावर खिळा मारून ओळंबा सोडला, म्हणजे गवंड्याचं ते दोरीला टांगलेलं टोकदार वजन. ओळंब्याच्या टोकाच्या बरोबर खाली फरशीवर एक रुपयाचं नाणं ठेवलं. टोक आणि नाणं यात एक बोट अंतर. मामांनी स्वतःचं बोट घालून बघितलं, मलाही घालायला लावलं. “आता तीन दिवस कुणी हात लावायचा नाही,” म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवून मी आधी तिकडं गेले. बोट आत जाईना. करंगळी कशीबशी गेली. त्या दिवशी संध्याकाळी नखाएवढी फट. रात्री मी दोनदा उठून बॅटरी मारून बघितलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ओळंब्याचं टोक नाण्यावर टेकलेलं होतं आणि वरची दोरी सैल पडली होती. ताणून बसलेली दोरी, तिला झोळ आला होता. घरात ना कुठं कडाड आवाज झाला, ना माती पडली. मुलगा शेजारीच झोपला होता, त्याला पत्तासुद्धा नाही.

मामांनी पोती उतरवली आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक उकरलं. पटाशी लावून नुसता तळहाताने दाब दिला, तर ती मुठीपर्यंत आत गेली. वरच्या गुळगुळीत सालीखाली वाळवीची माती आणि भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लाकूड. तेव्हा सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, “त्या कोपऱ्यात दर मिरगाला पातेलं ठेवत होतो की गं आम्ही. रात्रभर टपटप वाजायचं.” त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. घर दुरुस्त करायला काढाल तेव्हा आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, श्रोतेहो. कौल कुठं गळायचं, भिंत कुठं ओल धरायची, हे त्यांना पाठ असतं.

तुळई बदलली. टाकीची गोष्ट निघाली नसती, तर त्या लाकडावर आम्ही पॉलिश मारलं असतं आणि खाली मुलांना झोपवलं असतं.

इथं मला एक बोलायचंच आहे. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडतेही. सिमेंटनं तिचं तोंड बंद होतं, ओल आतच राहते, आणि भिंतीतली लाकडं कुजतात. तिथं चुन्याचा नाहीतर मातीचाच गिलावा हवा. आणि जुनी दारं, चौकटी विकूही नका. शहापुरातल्या कितीतरी घरांचे कोरीव दरवाजे असे बाहेर गेले. दार गेलं की त्या गल्लीचं तोंडच बदलतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

असो. टाकी आम्ही खाली मागाच्या खोलीत बसवली. खड्डा मुरूम घालून, थराथराला पाणी मारून धुमसून घेतला, वर काँक्रीट, मग फरशी. स्टँड पाणसळ लावून अगदी सपाटीत बसवा, काचेखाली थर्मोकोल घाला. प्लग पाण्याच्या पातळीपेक्षा वर घ्या, अर्थिंग आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, हवंच. वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगात न जाता खाली टपकतं. जवळ नळ आणि मोरी असू द्या, कारण दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं असतं. समोरून ऊन नको, शेवाळ धरतं.

आता मासे शेवटी का? वाळवीचं औषध माशांना विष आहे, थोडंही पुरतं. रंगाचा, पॉलिशचा वास हवेत असला तर एअर पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. तेव्हा वाळवीचं काम, रंग, पॉलिश, सगळं उरकून घर चांगलं वारं खाऊ द्या. मग टाकी भरा आणि फिल्टर चालू करा. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून माशांचं खाणं चिमूटभर टाकत तेवढं थांबायचं, मग दोन-तीनच मासे सोडायचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते औषध घालून काढूनच पाणी वापरा. गोव्याहून आणलेले शंख-शिंपले टाकीत घालू नका, त्यातला चुना विरघळून पाणी जड, म्हणजे क्षारांचं होतं. आणि गोल्डफिश गोल काचेच्या भांड्यात ठेवू नका. तो वीतभर वाढणारा मासा आहे, त्याला त्या भांड्यात कोंडणं मला बघवत नाही.

लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा छोटा पंप घरात असू द्या. एंजल, टेट्रा पाळणार असाल तर हीटरही लागेल, त्यांना 25 अंशांच्या आसपास पाणी लागतं आणि आपल्याकडच्या पौषातल्या रात्री तेवढ्या उबदार नसतात. आमच्याकडं सुतारमामा मकर संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले होते, तेव्हा टाकीसमोर खुर्ची ओढून तासभर बसले. जाताना वाकून स्टँडखालची फरशी मात्र हातानं चाचपून गेले.

नमस्कार.