डेट फिसकटो नाहीतर जमो, सूपमध्ये कॉर्नफ्लोअर ओतायचं नाही!

नमस्कार मंडळी! मागे एका शॉर्टमध्ये मी सहज बोलून गेले, "डेट फिसकटली की मी सूप करते." तेव्हापासून कमेंट्समध्ये दोनच प्रश्न येतायत. सूप कसं करतेस, आणि डेट का फिसकटली. दुसऱ्याचं उत्तर अधूनमधून मिळेल, व्हिडिओ पळवू नका.

बेसिक पटापट उरकते, त्यात काही अवघड नाहीये. दोघांसाठी पाव किलो लाल भोपळा, एक गाजर, एक कांदा, दोन टोमॅटो, चार-पाच लसूण पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा आणि दोन चमचे मूगडाळ. कुकरमध्ये तूप, जिरं, आलं-लसूण, कांदा. कांदा गुलाबी झाला की बाकीचं सगळं आत, मीठ, आणि भाज्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी. तीन शिट्ट्या. गार करा, मिक्सरला फिरवा, परत एक उकळी, मिरपूड. झालं.

भोपळ्याची साल काढायची का, असं एका ताईंनी विचारलंय. काढा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात भोपळा घेताना गर चांगला गडद केशरी आहे ना ते बघा, फिक्या भोपळ्याचं सूप फिकंच लागतं. आणि भोपळ्याऐवजी दुधी घेणार असाल तर आधी कच्ची चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर अख्खा दुधी सरळ कचऱ्यात. शिजवून तो कडूपणा जात नाही, आणि कडू दुधीनं माणसं हॉस्पिटलात गेलेली आहेत. यात काटकसर करायची नाही.

"गार करा" म्हटलं ते पण ऐका. उकळतं सूप मिक्सरच्या बंद भांड्यात घातलं की वाफेनं झाकण उडतं, आणि सूप तुमच्या अंगावर. घाई असेल तर हँड ब्लेंडर वापरा.

आता खरा मुद्दा. कॉर्नफ्लोअर. दर व्हिडिओखाली कोणीतरी लिहितंच, "ताई, एक चमचा कॉर्नफ्लोअर टाकलं की हॉटेलसारखं घट्ट होतं." अहो, हॉटेलवाल्याला टेबल नंबर सातला पाच मिनिटांत सूप द्यायचंय. त्याची ती गरज आहे. तुमच्या ओट्यापुढे कोण रांग लावून उभंय?

मला एकदा एकानं घरी सूप करून घातलं होतं, घणसोलीला. तिसरी-चौथी भेट असेल. मुलगा स्वतः स्वयंपाक करतोय म्हटल्यावर मी आधीच निम्मी पाघळलेली. त्यानं काय केलं, उकळत्या सूपमध्ये पुड्यातून थेट कॉर्नफ्लोअर सोडलं. एक गोळी माझ्या दाताखाली आली. बाहेरून गुळगुळीत, लिबलिबीत. फोडली तर आत कोरडं पांढरं पीठ! असं का होतं सांगते. गरम पाणी लागल्या लागल्या पिठाच्या बाहेरच्या थरातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो. मग पाणी आत जातच नाही, आतलं पीठ कच्चंच राहतं. कितीही ढवळा, ती गोळी सुटत नाही. मी "मस्त झालंय" म्हणाले. चार महिने मी ते "मस्त झालंय" निभावलं, पण तो वेगळा विषय आहे.

तर पहिलं कारण गुठळ्या. यावर तुम्ही म्हणाल, आम्ही गार पाण्यात कालवून घालतो. उत्तम, मग गुठळ्या होणार नाहीत. पण दुसरं कारण ऐका, ते खास आपल्या ठाणेकरांसाठी आहे.

समोरचा माणूस बेलापूरहून ट्रान्स हार्बरच्या लोकलनं निघतो. ठाण्यात उतरतो. मग रिक्षा करून घोडबंदर रोडला लागतो आणि मेसेज करतो, "माजिवडा, पोचतोच." मी मानपाड्याला राहते. संध्याकाळी सातच्या ट्रॅफिकमध्ये "माजिवडा, पोचतोच" याचा अर्थ मला विचारा! तेवढ्या वेळात कॉर्नफ्लोअरचं सूप काय करतं? गार होता होता दाट होतं, वर साय धरतं. तुम्ही पाणी घालून सारखं करता, तर चव पातळ. आणि तो आलाच नाही, सूप फ्रीजमध्ये गेलं, तर दुसऱ्या दिवशी खाली घट्ट गोळा आणि वर पाणी. भोपळा-डाळीचं सूपही दाटतं, नाही म्हणत नाही. पण चमचाभर गरम पाणी घालून ढवळलं की जागेवर येतं. एकटीनं दोन दिवस पुरवून प्या.

मी तर आता उलटाच नियम केलाय. माणूस नक्की येणार असेल तर काय वाट्टेल ते करा. "बघतो", "ट्राय करतो", "ऑफिसवर आहे रे" असली भाषा असेल, तर डाळीचंच सूप.

(कुकर कॅमेऱ्यासमोर) हे बघा. यात कॉर्नफ्लोअरचा कणही नाही. पळी उलटी करते, मागच्या बाजूला थर बसलाय. आता त्यावर बोट फिरवते. रेघ तशीच राहिली, दोन्ही बाजूंनी ओघळून बुजली नाही. एवढा दाटपणा बास. तो आला कुठून? दोन चमचे मूगडाळीतून आणि भोपळ्यातून. डाळ नको असेल तर चमचाभर तांदूळ भाज्यांबरोबरच शिजवा. बटाटा चालतो, पण मिक्सरला फार वेळ फिरवू नका, त्याचा चिकटा होतो. मुगाचं कढण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करतात, त्यात कोणी कधी कॉर्नफ्लोअर घातलंय?

तिसरं कारण, चव. समजा दिवस वाईट गेलाय. तलावपाळीला दीड तास बसून समोरच्यानं शेवटी "मी सध्या सिरीयस कशासाठीच तयार नाहीये" असं सांगितलंय. हे त्याला मॅच झाल्या दिवशी टाइप करता आलं असतं, पण नाही, भेळ संपेपर्यंत थांबला. तुम्ही घरी आलात, नाक लाल, आणि समोर काय? खळ! कॉर्नफ्लोअरला स्वतःची चव नसते, उलट ते भाज्यांची चव झाकतं. अशा रात्री जिभेला काहीतरी कळलं पाहिजे. लसूण, मिरपूड, वरून लिंबू. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

एका दादांनी लिहिलंय, "रेसिपी सांग, प्रेमप्रकरणं नको." दादा, तुम्ही तीन व्हिडिओंखाली हेच लिहिलंय. म्हणजे बघताय की शेवटपर्यंत!

बरं, न्यायाचं बोलायचं तर मनचाव किंवा हॉट अँड सॉरला कॉर्नफ्लोअर लागतंच. तिथे बारीक चिरलेल्या भाज्या तरंगत राहायला हव्यात, ती चकाकी हवी. मग एक चमचा कॉर्नफ्लोअर तीन-चार चमचे गार पाण्यात कालवा. ते तळाशी बसतं, म्हणून ओतायच्या आधी परत ढवळा. एका हातानं धार, दुसऱ्या हातानं पळी. मग मिनिटभर उकळू द्या, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. व्हिनेगर सगळ्यात शेवटी. आंबट घालून उकळत ठेवलं तर सूप पुन्हा पातळ पडतं.

"टोमॅटो सूपमध्ये दूध फाटतं" हाही नेहमीचा प्रश्न. टोमॅटो आंबट आहे, फाटणारच. दुधाच्या नादी लागू नका. गॅस बंद करा, थोडं फ्रेश क्रीम घाला आणि परत उकळू नका.

माझ्या आईच्या मते सूप हे आजाऱ्याचं खाणं. फोनवर "सूप करतेय" म्हटलं की तिचं ठरलेलं, "ताप आहे का?" मी नाही म्हणते. मग थोडं थांबून, "कोणी येणारे का?" तेही नाही म्हटलं की म्हणते, "मग पोळी-भाजी कर की!" या बाईला मी काय समजावणार?

आणि ज्यांनी विचारलंय की पहिल्यांदा कोणी घरी येणार असेल तर कोणतं सूप करू, त्यांना माझं एकच सांगणं, शेवग्याच्या शेंगांचं करू नका. गर काढून, रेषा राहू नयेत म्हणून गाळण्यात अर्धा तास जातो. तो बेल वाजवतो तेव्हा तुमच्या हाताला कोपरापर्यंत शेवगा लागलेला असतो. शेवगा चौथ्या-पाचव्या भेटीला, आणि गाळणी त्याच्या हातात द्या.

पुढच्या वेळी पालक सूप, हिरवंगार कसं ठेवायचं ते. घणसोलीवाल्याचं नाव कमेंटमध्ये विचारू नका, सांगणार नाहीये.