सरका जरा

[मैदान, संध्याकाळ. कॅमेरा हळूहळू कट्ट्याकडे वळतो.]

दादरचं शिवाजी पार्क. सहा वाजून गेलेत. मैदानात एकाच वेळी कितीतरी सामने चाललेत. एका सामन्याचा फील्डर दुसऱ्याच्या पिचवर उभा आहे, तरी कुठला चेंडू कुणाचा हे ज्याचं त्याला बरोबर कळतंय. आपल्याला बघायचंय ते मात्र या सामन्यांकडे पाठ करून बसलेल्या सहा जणांकडे.

चार पुरुष, दोन बायका. सगळे बालमोहन शाळेचे, एकाच तुकडीतले. साठी सगळ्यांनीच ओलांडली आहे. ऑफिसं सुटली, मुलंबाळं आपापल्या वाटेला लागली, संध्याकाळची ही बैठक राहिली. आत्ता वाद चाललाय १९७१ चा.

[मूळ आवाज]
‘सोंगाड्या लागला तेव्हा मी कोहिनूरच्या बाहेर होतो. सगळा राडा बघितलाय मी.’
‘कुणाबरोबर गेला होतास?’
‘एकटा.’
‘पाचवीत होतास लेका. एकटा तू कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जात नव्हतास.’

यातला राडा खरा आहे. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूर थिएटरला लागणार होता आणि ऐन वेळी तिथे हिंदी चित्रपट लावायचं ठरलं. शिवसैनिक रस्त्यावर उतरले, सोंगाड्या लागला आणि धो धो चालला. ही गोष्ट दादरमध्ये प्रत्येक घरात सांगतात, आणि सांगणारा प्रत्येक जण तेव्हा तिथे हजर असतो. इथे मात्र तसं चालत नाही. शेजारी बसलेल्या पाचही जणांना तुमची पाचवी ठाऊक आहे.

[जवळून: कट्ट्याचा दगड, लोंबकळणारे पाय, चपला]

आता या कट्ट्याकडे नीट बघा. मैदानाभोवतीची ही ठेंगणी भिंत, एकूण लांबी बाराशे मीटरच्या आसपास. वर जाळी नाही, तार नाही, टोकदार सळया नाहीत. इथे बसायला काही विकत घ्यावं लागत नाही. कुणी येऊन ‘अजून काही आणू का?’ असं विचारत नाही. तासाभराने कुणी बिल ठेवत नाही. पाय आत सोडले की क्रिकेट दिसतं, बाहेर सोडले की रस्ता. सहा जण एका ओळीत बसले की या टोकाचं त्या टोकाला ऐकू जात नाही, म्हणून एक जण समोर उभा राहतो. जो उभा राहतो, तोच त्या संध्याकाळचं गिऱ्हाईक. आणि सातवा आला तर एकच वाक्य पुरतं : सरका जरा.

[जुन्या दादरची छायाचित्रं, नकाशा]

ही जागा आपोआप मोकळी राहिलेली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं दाटीवाटीत राहात होती, वारा नाही, ऊन नाही. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहर उत्तरेकडे सरकायला लागलं आणि दादर-माटुंग्यात आखीव रस्ते, मापातल्या इमारती आणि मोकळ्या जागा ठेवण्याचा विचार आला. हे मैदान महापालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ हे शिवजन्माचं त्रिशताब्दी वर्ष मानलं गेलं आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याचं शिवाजी पार्क झालं. २०२० मध्ये नाव छत्रपती शिवाजी महाराज पार्क असं पूर्ण केलं गेलं. भोवतीच्या गोल सज्ज्यांच्या बुटक्या इमारती बहुतेक १९३० आणि ४० च्या दशकातल्या. मैदानाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ऐकल्या, १९६६ पासून शिवसेनेचे दसरा मेळावे ऐकले. आचरेकर सरांनी इथेच तेंडुलकरला घडवलं. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला.

मैदानावर बरंच लिहिलं गेलं. कट्ट्यावर रोज संध्याकाळी जे बोललं जातं, ते कुणी लिहून ठेवलं नाही. आम्ही ते चित्रित केलं.

[मूळ आवाज. फोन वाजतो.]
‘सकाळपासून तिसरा. कर्ज हवंय का म्हणे.’
‘घे की. माझे दोनशे तरी परत कर.’

फोनची तक्रार रोजची आहे. पण कट्ट्यावर तक्रार एकट्याची राहात नाही, ती फिरते. एक म्हणतो, ओटीपी येतो तेव्हा चष्मा सापडत नाही, आणि चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली असते. दुसरीचं म्हणणं, मुलाने टीव्हीवर पाच-पाच ॲप घालून दिलीत, आणि काय बघायचं हे ठरवेपर्यंत जेवण होऊन झोपायची वेळ होते. यांच्यात एक वर्गातले हुशार आहेत, सगळे त्यांना अजून मास्तर म्हणतात. ते शांतपणे सांगतात, १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा असतो. बँक, विमा यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ची मालिका आहे. आणि नको असलेल्या जाहिराती बंद करायच्या तर १९०९ वर कळवायचं. लगेच सहाही फोन बाहेर येतात. बघा, कसे एकमेकांच्या फोनमध्ये डोकावतायत. बँकेच्या काउंटरवर हे विचारायला यांना संकोच वाटतो. इथे चेष्टा सोसायची तयारी ठेवली की सगळं समजावून मिळतं.

[मूळ आवाज]
‘छायागीत गुरुवारी असायचं. गुरुवारी बसायचं. निवडायचं होतं काय?’
‘निवडायचं नव्हतं म्हणून तर आवडायचं.’
‘तुझ्या घरी टीव्ही कुठे होता? आमच्याकडे यायचास. आणि वर पुढे बसायचास.’

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. इमारतीत एखाद्याच घरी संच असायचा, आणि अख्खा मजला त्या घरी. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्या बाई आज डावीकडून दुसऱ्या बसल्या आहेत. पुढे बसणारे त्यांच्या शेजारी. त्या संचाचे उपकार या गटात अजून वसूल केले जातात.

एक नियम इथे कडक आहे. मोबाइलवर रील मोठ्या आवाजात लावली, तर शेंगदाणे आणायचे. सगळ्यांसाठी. लोकलमध्ये, दवाखान्यात, स्मशानातसुद्धा लोकांनी स्पीकर लावलेले या सगळ्यांनी ऐकलेत, आणि कुणालाच तिथे बोलता आलेलं नाही. इथे बोलता येतं.

[प्लाझाचा दर्शनी भाग. मग पुन्हा कट्टा.]

सिनेमाची गोष्ट निघाली की चित्रा टॉकीजचं नाव निघतंच. एका पडद्याचं ते थिएटर २०१९ मध्ये बंद झालं. प्लाझा थिएटर आहे. गटातले दोघे इमारती पाडल्यावर ठाण्याला आणि बोरिवलीला राहायला गेलेत, लोकलने येतात. एकाला आठवड्यातून एकदाच जमतं.

[कट्ट्याचा पुढचा तुकडा. कॉलेजची मुलं.]

दहा पावलांवर दुसरा गट आहे, कॉलेजचा. विषय वेगळे : कोरियन मालिका, स्टँडअप, घरपोच सामान आणणाऱ्याला इमारत न सापडणं, मित्राने ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणून अर्ध्या तासाने लोकेशन पाठवणं. खेचायची पद्धत मात्र तीच. जो उभा, तो गिऱ्हाईक. आणि मध्येच यांच्या तोंडी ‘अशी ही बनवाबनवी’तली वाक्यं येतात. चित्रपट १९८८ चा. यातलं कुणी तेव्हा जन्मलंही नव्हतं. यांनी तो पाठ केलाय तो मीम्समधून, तुकड्यातुकड्यांनी. पलीकडच्या काकांनी ते ऐकलं आणि वाक्य चुकलं म्हणून तिथूनच दुरुस्त केलं.

मग दोन्ही गट एकमेकांजवळ सरकले. हे आम्ही ठरवून घडवलेलं नाही.

[मूळ आवाज]
‘काका, मी सगळं दीडपट वेगाने बघते. वेळ कुठे असतो?’
‘दीडपट? अगं, मग विनोद कळतो कसा? विनोदाच्या आधी माणूस थांबतो. तू ते थांबणंच कापून टाकलंस.’
‘कळतो की.’
‘लाव बघू.’

तिने फोन कट्ट्यावर उभा केला. ‘बनवाबनवी’तला एकच प्रसंग, आधी दीडपट वेगाने, मग साध्या वेगाने. आवाज अर्थात मोठा, म्हणून शेंगदाणे तिच्याकडे लागले आणि तिने ते आणले. दीडपट वेगात फक्त मुलं हसली, आणि तीही अंदाजाने, कारण पुढचं वाक्य त्यांना पाठच होतं. साध्या वेगात लक्ष्याच्या चेहऱ्यावर काय होतंय ते दिसायला लागलं, अशोक सराफ वाक्याआधी किती थांबतात ते दिसायला लागलं, आणि अख्खा कट्टा हसला. ती मुलगी सगळ्यात मोठ्याने. मास्तरांनी तिला जागा करून दिली आणि अख्खा सिनेमा पहिल्यापासून लावायला सांगितला.