एका क्रियापदाला खूण एकदाच: नियमित इंग्रजी क्रियापदांचे काळ

(दृश्य: नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातलं पॅकहाऊस. टेबलावर द्राक्षांचे घड, हातांत बारीक कात्र्या.)

द्राक्षाचा हंगाम ऐन भरात आहे. सकाळी तोडलेला माल टेबलावर आला, की प्रतवारी होते, खराब मणी कात्रीने काढले जातात, वजन होतं आणि घड अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, बसतात. अशा दहा पनेटची पाच किलोंची पेटी. पेटीवर लेबल लागतं, माल थंड होतो, कंटेनर भरतो आणि निघतो.

हीच कामं इंग्रजीत: हार्वेस्ट, सॉर्ट, ट्रिम, वेय, पॅक, लेबल, कूल, लोड, शिप. नऊच्या नऊ क्रियापदं नियमित आहेत. गो, वेन्ट, गॉन असं पाठांतर इथे लागत नाही. परदेशी खरेदीदाराला मेल लिहिणाऱ्याने एवढ्या नऊ क्रियापदांचे काळ पक्के केले, तरी रोजचं बरंचसं काम भागतं.

(दृश्य: फळ्यावर ‘पॅक’ आणि त्याची रूपं.)

पॅक, पॅक्स, पॅक्ड, पॅकिंग. रूपं चारच. भरतो, भरते, भरतात, भरला, भरली, भरल्या, भरेन, भरशील एवढं सगळं मराठीत सहज बोलणाऱ्याला चार रूपं जड जाऊ नयेत. अडतं ते दुसरीकडेच: काळाची खूण कोणत्या शब्दावर ठेवायची, तिथे.

साधा भूतकाळ बघा. ‘मी पेटी भरली’, ‘मी पेट्या भरल्या’. मराठी क्रियापद पेटीकडे बघून बदलतं. इंग्रजीत पेटी एक असो की शंभर, भरणारा तो असो, ती असो की ते सगळे, रूप एकच: पॅक्ड.

वर्तमानकाळात एस लागतो, पण फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा त्यांच्या जागी आलेल्या एकवचनी नामापुढे. नामाला एस लागला तर अनेक, क्रियापदाला लागला तर एक. म्हणून ‘द वर्कर पॅक्स’, पण ‘द वर्कर्स पॅक’. दोन्हीकडे एस दिसला, की वाक्य पुन्हा वाचायचं.

आता सगळ्यात चिवट चूक: ‘वुई डिड नॉट पॅक्ड’. ही निष्काळजीपणाची चूक नाही. मराठीत ‘भरली’ला नुसतं ‘नाही’ जोडलं, की झालं. भूतकाळ ‘भरली’वरच राहतो. तीच सवय इंग्रजीत उतरते. इंग्रजीत मात्र नकार द्यायचा तर मध्ये ‘डू’ आणावा लागतो, आणि तो आला की काळ स्वतःकडे घेतो. डूचा डिड झाला, पॅक मोकळा झाला: ‘वुई डिड नॉट पॅक’. प्रश्नातही तेच: ‘डिड यू पॅक?’ वर्तमानात एससुद्धा डझकडे जातो: ‘डझ शी पॅक?’ भविष्यकाळात विल आला, की मागे पुन्हा मूळ रूप: ‘वुई विल पॅक’.

हॅव आला, की मागे ईडीचं, म्हणजे शेवटी ‘ई’, ‘डी’ ही अक्षरं लागलेलं रूप येतं: ‘वुई हॅव पॅक्ड’. इथेही काळ हॅववरच असतो. पॅक्ड एवढंच सांगतं, की काम पुरं झालं. हॅवसोबत ‘यस्टर्डे’ चालत नाही. ‘काल भरली आहे’ मराठीत खपतं, इंग्रजीत कालचा उल्लेख आला की साधा भूतकाळच. तसंच ‘काल कंटेनर पाठवला होता’ यातल्या ‘होता’साठी हॅड लिहायचा मोह होतो. हॅड तेव्हाच, जेव्हा ते काम भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेच्या आधी झालेलं असतं: ट्रक आला, त्याआधी ‘वुई हॅड पॅक्ड’. एरवी ‘वुई शिप्ड इट यस्टर्डे’.

‘आम्ही 2015 पासून निर्यात करतोय’ याचं ‘वुई आर एक्स्पोर्टिंग सिन्स 2015’ होत नाही. तेव्हा सुरू झालेलं काम आजही चालू असेल, तर ‘वुई हॅव बीन एक्स्पोर्टिंग’.

(दृश्य: गळ्यावर ठेवलेली बोटं, जवळून.)

ईडीचे उच्चार तीन, आणि ते बोटांनी तपासता येतात. ‘पॅक’ म्हणा: शेवटच्या क्‌ला गळा थरथरत नाही, म्हणून उच्चार ‘पॅक्ट’. ‘शिप’चा ‘शिप्ट’. ‘ट्रिम’च्या म्‌ला थरथर जाणवते, म्हणून ‘ट्रिम्ड’; कूल, लेबल, वेय यांचंही तसंच. शेवटी ट किंवा ड असेल तरच एक अक्षर वाढतं: लोडिड, सॉर्टिड, हार्वेस्टिड. ‘पॅकेड’, ‘लेबलेड’ असं वाढवून बोलू नये. उलट बाजूने, ‘पॅक्ट द बॉक्स’ वेगात म्हटलं की तो ट जवळजवळ विरून जातो. कानाला न ऐकू आलेला ईडी मग लिहितानाही गळतो. म्हणून हे रूप ऐकून शिकण्याबरोबर लिहूनही घटवावं.

(दृश्य: वहीत सावकाश लिहिणारं पेन.)

स्पेलिंगमध्ये शेवटची अक्षरं बघायची. ट्रिम आणि शिपमध्ये शेवटी एक स्वर, एक व्यंजन. तिथे एम आणि पी दुहेरी, आयएनजी लावतानाही. लोड आणि कूलमध्ये स्वर दोन, पॅक आणि सॉर्टमध्ये व्यंजनं दोन. तिथे काही दुहेरी होत नाही. स्टोअरच्या शेवटी ई आहेच, नुसता डी पुरे. बेदाण्यासाठी ड्राय: वायच्या आधी व्यंजन, म्हणून वाय जाऊन आयईडी. डिलेमध्ये वायच्या आधी स्वर, म्हणून वाय तसाच राहतो.

उरलं लेबल. त्यात जोर पहिल्या भागावर आहे, त्यामुळे एल दुहेरी व्हायला नको, आणि अमेरिकेत तो एकेरीच लिहितात. ब्रिटनमध्ये दोन एल. माल लंडनला जाणार असेल तर दोन एल लिहा, आणि मेलपासून पॅकिंग लिस्टपर्यंत तेच ठेवा.